सायकल बोरीवलीला, इंजिन माहुलला

(१९७२. बोरीवलीच्या गावठाणात मार्कसचं घर. गुणाजी माळ्यावर चढलेला, मार्कस खाली शिडी धरून उभा.)

गुणाजी: हंडे राहू देत रे बाजूला. आधी सांग, हे गोणपाटात काय बांधून ठेवलंयस?

मार्कस: सायकल आहे, जुनी. तिला हात लावू नको. तपेली डाव्या बाजूला असतील, ऑलिव्ह म्हणाली. मोठं तपेलं आधी दे.

गुणाजी: सायकल आसा ता माका कळता. पण हिच्या पुढच्या फोर्कला हे कान कसले?

मार्कस: कसले कान?

गुणाजी: लोखंडी. दोन्ही बाजूंना एकेक, भोकं पाडलेले. आणि हँडलवर हा दांडा. ब्रेकचा नाय, घंटीचा नाय. ओढला की वर जातो, सोडला की खाली पडतो. कारखान्यात इतकी वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर उभा असतोस, कधी तोंडातून काढलं नाहीस.

मार्कस: काढण्यासारखं काय आहे त्यात? गुणाजी, पोरीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं. मांडवाला अजून बांबू नाहीत, बँडवाला धड बोलत नाही, आणि तू भांडी काढायला म्हणून चढलास तो वरच बसलास.

गुणाजी: थांब, टायर बघू दे. अरे मेल्या मार्कस. हा मधोमध झिजलाय आणि कडा नव्या कोऱ्या. रस्त्यावर टायर असा झिजत नाय. ह्याच्यावर रूळ फिरलाय, चाक फिरवणारा. ह्या सायकलीला इंजिन होतं.

मार्कस: होतं.

गुणाजी: पुढच्या चाकावर?

मार्कस: पुढच्या चाकावर. आता उतर खाली.

गुणाजी: उतरतो कसला. मी मिलमध्ये नवा लागलो होतो ना, तेव्हा गिरगावात एकदाच अशी सायकल बघितली. एक गोरा साहेब, डोक्यावर टोपी, पायडलवर पाय नुसते ठेवलेले, आणि सायकल आपली चाललीय फटफट करत. मी चपला हातात घेऊन ऑपेरा हाउसपर्यंत मागे धावलो. खोलीवर येऊन सांगितलं तर सगळे म्हणाले, गुणाजी, तुका ताप इलोहा. आजपर्यंत कोणी विश्वास ठेवला नाय. आणि तुझ्या माळ्यावर ही बया टांगलेली. आली कुठून?

मार्कस: बाबा गोदीत होता. बेल्जियमचा एक इंजिनियर होता तिथे, देशाला परत जाताना बाबाला देऊन गेला. अख्ख्या बोरीवलीत तशी दुसरी नव्हती. आम्ही चर्चच्या रस्त्याने आलो की फादर प्रवचन थांबवायचे. आवाज लांब गेला की पुढे चालू.

गुणाजी: आणि इंजिन खंय आसा?

मार्कस: वाटणीत गेलं.

गुणाजी: म्हणजे?

मार्कस: बाबा गेल्यावर वाटणी झाली. मी आणि धाकटा ऑगस्टीन, दोघंच. पंच बसले. ताडाची झाडं निम्मी, भाताची खाचरं निम्मी, कोंबड्यासुद्धा निम्म्या. शेवटी ही राहिली. तो म्हणाला माझी, मी म्हणालो माझी. दुपार झाली, पंचांना भूक लागली. मग त्यांतला एक म्हातारा म्हणाला, एकाने सायकल घ्या, एकाने इंजिन घ्या, आणि जेवायला वाढा.

गुणाजी: आणि तुम्ही घेतलंत?

मार्कस: घेतलं.

गुणाजी: म्हणजे म्हशीची वाटणी. पुढची बाजू एकाला, मागची एकाला.

मार्कस: मला वाटलं, नुसतं इंजिन घेऊन तो काय करणार? येईल चार दिवसांत, म्हणेल, दादा, जोडू या परत. त्याला वाटलं असेल, नुसती सायकल घेऊन हा काय करणार. मी थांबलो, तोही थांबला. मग तो बायकोच्या गावी माहुलला गेला, होडीवर. पुढे कोणीतरी येऊन सांगितलं की इंजिन त्याने खाडीत टाकलं.

गुणाजी: तेव्हापासून बोलणं नाय?

मार्कस: नाही.

गुणाजी: मग रीटाच्या लग्नाला?

मार्कस: रीटा रोज विचारते, काका येणार ना. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचं पाणी आणायचं असतं. सख्खा काका त्यात नसला तर पोरीचं तोंड कसं होईल ते मला कळतं. पण आमच्यात बोलावणं दारात जाऊन करायचं असतं. दुसऱ्याच्या हाती निरोप धाडला तर तो अपमान. आणि ज्याने बाबाची वस्तू खाडीत टाकली त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही.

गुणाजी: मार्कस, माझं अर्धं आयुष्य यंत्रांत गेलं. इंजिन विकणारे बघितले, गहाण टाकणारे बघितले. पाण्यात टाकणारा अजून भेटला नाय.

मार्कस: तू ऑगस्टीनला भेटला नाहीस.

गुणाजी: भेटतो की. आणि एक विचारू? हात लावू नको म्हणतोस, जुनी म्हणतोस, मग चेनला ग्रीस ताजं कसं?

मार्कस: लोखंड आहे. गंज चढतो. तपेलं दे.

(माहुल. खाडीकाठी ऑगस्टीनचं दार. शेजारी त्याची होडी ओढून ठेवलेली.)

ऑगस्टीन: मासली सकालीच संपली.

गुणाजी: मासळी नको. तुम्ही ऑगस्टीन ना? मी गुणाजी, घाटकोपरचा. कारखान्यात फिटर आहे. इंजिन बघायला आलो.

ऑगस्टीन: माजी होडी शिडावर चालते. इंजिन नाय तिला.

गुणाजी: होडीचं नाय हो. सायकलीचं.

ऑगस्टीन: कोनी धाडलं तुमाला?

गुणाजी: कोणी नाय. मार्कसबरोबर काम करतो हे खरं, पण त्याने धाडलं नाय. त्याच्या माळ्यावर सायकल बघितली आणि मला झोप लागेना.

ऑगस्टीन: हाय ती?

गुणाजी: आहे म्हणजे? अगदी आहे.

ऑगस्टीन: मना सांगितलं, भंगारात दिली.

गुणाजी: कोणी सांगितलं?

ऑगस्टीन: लोकांनी.

गुणाजी: त्याला पण लोकांनीच सांगितलं की तुम्ही इंजिन खाडीत टाकलं. हे लोक एकदा भेटायला पाहिजेत मला. ऐका, सायकल गोणपाटात बांधलेली आहे. चाकं दबू नयेत म्हणून वाशाला टांगलीय. चेनला ग्रीस लावलंय, ताजं.

ऑगस्टीन: ग्रीस? तो लावतो?

गुणाजी: ऑलिव्हवहिनी तर लावणार नाय.

ऑगस्टीन: बसा. लूर्डस, पानी आन गो. आनि तो होडीखालचा डबा मोकला कर. हो, तोच. बग, मी उचलतो.

गुणाजी: हा तेलाचा डबा ना? अरे बापरे. झाकण काढायच्या आधीच डोळ्यांत पाणी आलं.

ऑगस्टीन: मोरी मासलीचं तेल हाय. मोरीच्या कालजाचं. आमी होडीला लावतो, लाकूड कुजत नाय. म्हनलं, लाकडाला चालतं तर लोखंडाला का नाय चालनार?

गुणाजी: इंजिन ह्याच्यात? बुडवून ठेवलंय?

ऑगस्टीन: खाऱ्या वाऱ्यात उघडं ठेवलं तर वरसात भुगा. दर पावसाला होडी वर ओढली का जुनं तेल काढतो, नवं घालतो.

गुणाजी: लोणचं घातलंत तुम्ही इंजिनाचं. आणि ही मांजरं कुठून आली एवढी?

ऑगस्टीन: डबा उघडला का येतात. बाही वर करा. वास आठवडाभर जात नाय.

गुणाजी: जाऊ दे आठवडा. देवा रवळनाथा. हे काय. हे काय बघतोय मी. हा रूळ, ह्याचे दाते तर बघा, काल कापल्यासारखे. टाकी बघा, बाटलीएवढी. एक पट्टी वाकलेली नाय, एक बोल्ट गंजलेला नाय. आणि हे गोल काय? मॅग्नेटो? हा पण तेलात?

ऑगस्टीन: सगलं तेलात. एक चीज भायेर ठेवली नाय.

गुणाजी: तेवढी चूक केलीत, ऑगस्टीनभाऊ. ह्याच्यात वीज तयार होते. आत तारेचं वेटोळं असतं, त्याला कोरडं लागतं. त्याची वाट लागली असणार.

ऑगस्टीन: म्हंजे मी वाचवता वाचवता मारला त्याला?

गुणाजी: तसं नाय म्हटलं मी. तोंड पाडू नका. पाण्यात बुडालेल्या मोटारी आम्ही मिलमध्ये शेकून चालवल्यात. हा पण शेकू. मार्कसने ग्रीस लावायचं आणि तुम्ही तेल घालायचं, आणि मी नुसता बघत राहू? मी हे इंजिन बोरीवलीला नेतो.

ऑगस्टीन: बोरीवलीला नाय. त्याला पायजे तर सायकल हितं आन.

गुणाजी: तो पण हेच म्हणणार, उलटं करून. मग दोन्ही घाटकोपरला आणू, माझ्या पडवीत. ना त्याचं घर, ना तुमचं.

ऑगस्टीन: सायकल देईल तो तुमच्या हाती?

गुणाजी: एकटी सोडेल असं वाटत नाय. स्वतः येईल मागोमाग.

ऑगस्टीन: मंग मी पन इंजिन एकटं नाय सोडनार. शेकायला आज न्या, पन जोडायच्या दिवशी मी येतो.

गुणाजी: या की. आणि एक. रीटाचं लग्न आहे.

ऑगस्टीन: ठाऊक हाय.

गुणाजी: लोकांनी सांगितलं?

ऑगस्टीन: लोकांनी. लूर्डसनं तिच्यासाठी लुगडं घेऊन ठेवलंय, पेटीत. द्यायाचं कसं? बोलावल्याबिगर कुत्रं जातं दुसऱ्याच्या दारात.

(घाटकोपर. रविवारची सकाळ. गुणाजीच्या चाळीमागचा रस्ता. पलीकडे म्हशींचा गोठा.)

गुणाजी: मार्कस, तो पाना दे. ऑगस्टीनभाऊ, इंजिन दोन्ही कानांवर बसवून घट्ट धरा. बसलं बघा. भोकाला भोक लागलं.

मार्कस: गुणाजी, त्याला सांग, डावी बाजू खाली आहे.

गुणाजी: तो माझ्यापेक्षा तुझ्या जवळ उभा आहे.

मार्कस: तरी सांग.

गुणाजी: ऑगस्टीनभाऊ, डावी बाजू खाली आहे म्हणे.

ऑगस्टीन: त्याला सांगा, बाबा व्हता तवाबी डावी खालीच व्हती.

गुणाजी: ऐकलंस?

मार्कस: नाही.

गुणाजी: काय माणसं आहात. माझ्या शेवंतीला विचारा मी काय काय भोगलंय ते. पिस्टन रॉकेलमध्ये भिजवला, लाकडाने हलके हलके ठोकून मोकळा केला. कार्बोरेटरच्या भोकात तुमच्या तेलाचा डिंक झाला होता, तो नारळाच्या हिराने टोकरला. आणि ते वेटोळं चुलीशेजारी रोज शेकत ठेवलं. चाळीत कोणी आमच्याकडे जेवायला येईना. पण काल संध्याकाळी प्लग बोटात धरून चाक फिरवलं आणि असा झटका बसला म्हणता, पार कोपरापर्यंत. शेवंती म्हणाली, मेले काय? मी म्हटलं, नाय गो, जिवंत आसा.

ऑगस्टीन: ठिनगी आली?

गुणाजी: निळी. सुरेख. ह्या टाकीत पेट्रोल, त्यात तेल मिसळलेलं. मोरीचं नाय, खरं तेल. सरका दोघं. बसतो मी.

मार्कस: सांभाळून.

गुणाजी: पायडल मारले, वेग घेतला, आता दांडा सोडला की रूळ टायरवर बसणार आणि... आई गे.

मार्कस: लागलं का?

गुणाजी: चाक अडलं एकदम. हँडलवरून मीच गेलो. परत. उचला सायकल. हां, आता. आई गे. ह्या खेपेला एकदा फट् झालं, ऐकलंत ना? परत. अरे, तुझ्या नानाची टांग.

ऑगस्टीन: फिटरभाऊ, गुडघा फुटला तुमचा.

गुणाजी: फुटू दे. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा आहे. मग घोडं अडतंय कुठे? मार्कस, तू चालवायचास ना? काय चुकतंय माझं?

मार्कस: एकट्याने कधी चालू होत नव्हतं ते.

गुणाजी: हे आत्ता सांगतोस? तीन वेळा पडल्यावर?

मार्कस: मला वाटलं, तू फिटर आहेस, तुला जमेल. मी बसायचो, पायडल मारायचो, दांडा माझ्या हातात असायचा. पण तो कधी सोडायचा ते मला कधीच कळलं नाही.

गुणाजी: मग कोणाला कळायचं?

मार्कस: मागून ढकलणाऱ्याला.

गुणाजी: ऑगस्टीनभाऊ?

ऑगस्टीन: मी सीट धरून मागून पलायचो. वेग आला का सीट हातात हलकी होते. तवा बोलायचो.

गुणाजी: काय बोलायचात?

ऑगस्टीन: आता.

गुणाजी: एवढंच?

ऑगस्टीन: एवढंच. बाबानं तसंच शिकवलं दोघांना. एकानं बसायचं, एकानं पलायचं.

गुणाजी: म्हणजे पंचांनी नुसती सायकल नाय तोडली, चालवणारा पण तोडला. बरं, मी पळतो मागून, तुम्ही बाजूने ओरडा.

ऑगस्टीन: सीट हातात नसली तर कलत नाय.

गुणाजी: मग धरा सीट. मार्कस, बस.

मार्कस: त्याला सांग, माझं वजन आता तेव्हाचं राहिलं नाही.

गुणाजी: सांगायला कशाला पाहिजे? ढकलताना कळेल त्याला.

ऑगस्टीन: फिटरभाऊ, त्याला सांगा, दांडा लवकर सोडायचा नाय. तो नेमी लवकर सोडायचा.

मार्कस: मी लवकर सोडायचो? तू उशिरा बोलायचास.

ऑगस्टीन: मी उशिरा? चर्चच्या उतारावर नाल्यात कोन गेला व्हता?

मार्कस: तू आधी ओरडलास म्हणून गेलो. नवी पँट फाटली माझी. आईचा मार पण मीच खाल्ला.

ऑगस्टीन: मीबी खाल्ला. तू घरात गेल्यावर.

गुणाजी: वा. माझी गरज संपली वाटतं.

मार्कस: गुणाजी, तू...

गुणाजी: भांडण चालू दे. नाय तर राहू दे, ढकला. मार पायडल, मार्कस. जोरात. त्या तपेल्यांएवढा जड झालायस, हाल. ऑगस्टीनभाऊ, पळा. अजून पळा. रस्ता संपत आला, पुढे म्हशी आहेत. बोला काहीतरी, म्हशी आल्या...

ऑगस्टीन: आता.

गुणाजी: फट् झालं. फट् फट्... धरलं. धरलं रे धरलं. शेवंती, बाहेर ये गो, ऐक ह्या. पाय उचल, मार्कस, पायडल सोड, नुसता बस. अरे, साहेबासारखा बस.

मार्कस: गुणाजी, थांबवायचं कसं?

गुणाजी: थांबवतोस कशाला? जा. जा पुढे. बघा, बघा, गेला. म्हशींच्या मधून गेला. माझ्या डोळ्यांसमोर गेला, आणि आता कोणी म्हणू दे मला ताप आला होता. हा धूर बघा कसा निळा, आणि वास तुमच्या मोरीचा. खालच्या मजल्याची दोन्ही मांजरं धावली मागे.

ऑगस्टीन: दांडा लवकरच सोडला त्यानं.

गुणाजी: पण इंजिन लागलं की.

ऑगस्टीन: लागलं. दर पावसाला तेल घालत व्हतो, फिटरभाऊ. पन मनात वाटायचं, मेलंय. मेलेल्याला आंघोल घालतोय मी.

गुणाजी: डोळे पुसा.

ऑगस्टीन: धूर गेला डोल्यांत.

गुणाजी: माझ्या पण. आला बघा, वळला. दांडा वर ओढ, मार्कस, म्हणजे रूळ सुटेल. हां. राहू दे, इंजिन चालूच राहू दे. कुठपर्यंत गेलास?

मार्कस: पंतनगरपर्यंत. काय सांगू तुला. दुकानदार बाहेर येऊन उभे. एक पोलीस शिट्टी तोंडात धरून नुसता बघत राहिला, वाजवायचीच विसरला. वाऱ्याने सदरा फुगला, गुणाजी, माझा, ह्या वयात. मी मोठ्याने हसत होतो. एकटाच.

गुणाजी: तोंड दिसतंय तुझं. पण आता मला कामाचं बोलू दे. दोघांनी सांगा. ज्याचं त्याला द्यायचं असेल तर बोल्ट खोलतो. मला रडायला येईल, पण खोलतो.

मार्कस: पाना ठेव खाली.

गुणाजी: ठेवला.

मार्कस: ऑगस्टीन.

ऑगस्टीन: काय?

मार्कस: तू टाकलं नव्हतंस.

ऑगस्टीन: बाबाचं व्हतं. टाकीन कसा?

मार्कस: मी विचारायला पाहिजे होतं. मी लोकांचं ऐकलं.

ऑगस्टीन: मीबी ऐकलं.

मार्कस: रीटाचं लग्न आहे. तू नसलास तर तिला पाणी आणायला जावंसं वाटणार नाही. मलाही नाही. येशील?

ऑगस्टीन: बोलावनं दारात येऊन करतात, दादा. घाटकोपरात म्हशींच्या शेनात उभं ऱ्हाऊन नाय.

मार्कस: मग बस मागे.

ऑगस्टीन: कुठं?

मार्कस: कॅरियरवर. माहुलला जाऊ. तुझ्या दारात उतरतो आणि बोलावतो. तुला, लूर्डसला, सगळ्यांना.

गुणाजी: दोघांचं ओझं झेपायचं नाय त्याला. चढ आला की उतरून ढकलावं लागेल.

ऑगस्टीन: ढकलीन मी. सवय हाय.

मार्कस: नीट धर. पाय चाकात घालू नको.

ऑगस्टीन: दादा, लूर्डस घरी नसंल आता. बाजारात गेली असंल. दाराला कुलूप असंल.

मार्कस: असू दे. ती येईपर्यंत पायरीवर बसू दोघं.